कुऱ्हाडीने राखलेले रान

इंग्लंडच्या पूर्व भागात, केंब्रिज शहराच्या पश्चिमेला सुमारे वीस किलोमीटरवर, लाँगस्टो आणि लिटल ग्रान्सडेन या दोन खेड्यांच्या दरम्यान रस्त्याकडेला पाण्याची एक मोठी टाकी उभी आहे. तिच्या समोरून निघालेली वाट शेतांच्या कडेकडेने जाते आणि जवळजवळ सपाट अशा टेकाडमाथ्यावर रानाची गडद रेघ दिसू लागते. हे हेली वूड. चहूकडे शेती आणि मध्ये जेमतेम पन्नास हेक्टरांच्या आसपास झाडी, एवढाच याचा पसारा. तरीही वनांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव चांगले परिचयाचे आहे, कारण इंग्लंडमधल्या फार थोड्या रानांचे चरित्र इतक्या बारकाईने उलगडले गेले आहे.

1251 साली ईलीचे बिशप ह्यू ऑफ नॉर्थवोल्ड यांच्या जमिनींची मोजणी झाली. त्या दप्तरात या रानाची नावानिशी आणि क्षेत्रफळासह नोंद आहे. म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादवांचे राज्य होते, तेव्हाही हे रान याच जागी आणि याच नावाने होते, आणि तेव्हाही त्याला कोणी नवे म्हणत नव्हते. रानात शिरताना आपण एक रुंद, बसका मातीचा बांध ओलांडतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला उथळ चर आहे. पाने आणि शेवाळ यांनी झाकलेला हा बांध सहज नजरेतून सुटतो, पण तो मध्ययुगातला आहे. गुरेढोरे आत शिरून कोवळी पालवी खाऊ नयेत म्हणून माणसांनी हाताने माती ओढून तो घातला. तो सरळ रेषेत जात नाही, वळणे घेत जातो. जुन्या रानांच्या सीमा अशाच वाकड्यातिकड्या असतात; नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या सीमा बहुधा अलीकडच्या शतकांतल्या असतात.

आता बांध घालून, राखण करून एवढे जपलेले रान म्हटले की ते कोणी कधी तोडले नसेल, असे आपल्याला वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. शतकानुशतके हे रान हिवाळ्यामागून हिवाळे तोडले जात होते. त्याचा एक तुकडा निवडायचा, त्यातली हेझल, ॲश, मेपल ही झाडे बुंध्याशी छाटायची, काही ओकची झाडे मात्र मोठी होण्यासाठी राखायची, आणि पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या तुकड्याकडे वळायचे, असा हा फेरा चाले. छाटलेला बुडखा मरत नाही. उसाचा खोडवा जसा कापणीनंतर जोमाने फुटतो, तसे त्याला वसंतात चहूबाजूंनी धुमारे येतात, आणि मूळ जुने, खोलवर गेलेले असल्यामुळे पहिल्याच उन्हाळ्यात त्यांतले काही माणसाच्या उंचीला पोचतात. काही वर्षांनी त्यांच्या सरळ काठ्या तयार झाल्या की पुन्हा तोड. या पद्धतीला कॉपिसिंग म्हणतात. बारीक लाकडाच्या मोळ्या चुलीत आणि भट्टीत जात, हेझलच्या लवचीक काठ्यांचे कूड विणून त्यांवर माती लिंपून घरांच्या भिंती होत, मेंढ्यांसाठी ताट्या होत, आणि राखलेल्या ओकचे वासे आणि तुळया होत. काही झाडे राखून बाकीची फुटव्यावर वाढवण्याची हीच रीत वनखात्याच्या आखणीतून महाराष्ट्रातल्या पानझडी वनांसाठीही वापरली गेली आहे, त्यामुळे आपल्या वनरक्षकांना इथे काय चालले आहे ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

एक बुडखा जवळून पाहू. हा ॲशचा आहे. याच हिवाळ्यात त्याची तोड झाली आहे आणि प्रत्येक काप बाहेरच्या बाजूला उतरता घेतला आहे, म्हणजे पावसाचे पाणी साचून लाकूड कुजणार नाही. ताज्या कापाचा रंग फिकट पिवळसर, त्याच्या खालचे लाकूड मात्र काळपट, गाठाळलेले आणि जागोजागी पोकळ. दर तोडीबरोबर बुडखा थोडाथोडा बाहेर पसरत जातो आणि मधला भाग कुजून जातो, त्यामुळे फार जुना बुडखा म्हणजे एका झाडाऐवजी झाडांचे कडेच दिसते. न तोडलेला ॲश साधारण दोनतीनशे वर्षांत संपतो, तोडला जाणारा त्याच्या कितीतरी पटींनी जगतो. ही गोष्ट मला या रानातली सर्वांत विलक्षण वाटते, आणि ती वाचून कळत नाही, बुडख्याशी उकिडवे बसून पाहावी लागते.

तोडीमुळे जमिनीवर ऊन पोचते, आणि एरवी सावलीत तग धरून राहिलेली रोपे दुसऱ्या वसंतात एकदम फुलतात. ब्लूबेल आणि रानॲनिमोनी इंग्लंडमध्ये इतरत्रही पुष्कळ दिसतात, हेली वूडची खरी ओळख मात्र ऑक्सलिपमुळे आहे. ब्रिटनमध्ये हे फूल सफोक, एसेक्स आणि केंब्रिजशायर यांच्या सीमाभागातल्या जुन्या रानांपुरतेच जवळजवळ मर्यादित आहे. सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी हिमनद्यांनी इथे आणून टाकलेली चुनखडीमिश्रित चिकणमाती त्याला मानवते. ती माती पाणी धरून ठेवते, म्हणून वसंतात रानात ठिकठिकाणी डबकी साचलेली असतात. सुरकुतलेल्या पानांच्या मधून वीतभर उंचीचा लवदार दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाशी फिक्या पिवळ्या फुलांचा घोस एकाच अंगाला झुकलेला असतो. घोसातल्या एका फुलात डोकावून पाहावे. काही रोपांच्या फुलांत नळीच्या तोंडाशी हिरवट, गोल कुक्षी दिसते, तर शेजारच्याच रोपाच्या फुलांत तिच्या जागी परागकोश असतात आणि कुक्षी आत खोल दडलेली असते. एका प्रकारच्या फुलाचा पराग दुसऱ्या प्रकारच्या फुलावर पडला तरच बी चांगले धरते. या कुळातल्या फुलांची ही रचना चार्ल्स डार्विन यांनी एकोणिसाव्या शतकात प्रयोग करून समजावून घेतली.

ऑक्सलिपचे बी वाऱ्यावर उडत नाही, ते आईच्या पायाशीच पडते. त्यामुळे या फुलाला नवी जागा व्यापायला फार वेळ लागतो, आणि याचा पुरावा रानाच्या दक्षिण टोकाशी आहे. एकोणिसाव्या शतकात बेडफर्ड ते केंब्रिज हा लोहमार्ग इथून गेला आणि रान व रूळ यांच्यामध्ये शेताचा एक त्रिकोणी तुकडा अडकून पडला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची नांगरट थांबली आणि तिथे आपोआप झाडे उगवली. 1967 च्या अखेरीस लोहमार्गही बंद झाला. आज त्या त्रिकोणातली झाडे पूर्ण वाढलेली आहेत, वरवर पाहता ते जुन्या रानाहून वेगळे वाटत नाही. पण पायाखालची जमीन अजून मध्ययुगीन नांगरटीच्या सरी-वरंब्यांनी लाटालाटांची आहे, आणि ऑक्सलिप जुन्या रानाकडून तिकडे अगदी सावकाश सरकते आहे. झाडे लावून काही दशकांत रान झाल्यासारखे दिसते, पण त्याच्या तळाशी असणारा फुलोरा तसा येत नाही, हे इथे डोळ्यांनी पाहता येते.

कोळसा स्वस्त झाला, तारेची कुंपणे आली, मोळ्यांना आणि ताट्यांना गिऱ्हाईक उरले नाही आणि विसाव्या शतकात इथली तोड थांबली. इंग्लंडमधली अशी कितीतरी राने दुसऱ्या महायुद्धानंतर उखडून शेतजमिनीत मिसळली गेली किंवा त्यांच्या जागी सूचिपर्णी झाडांची लागवड झाली. हेली वूड 1962 साली स्थानिक निसर्गसंस्थेने विकत घेतले, म्हणून ते वाचले. दोन वर्षांनी स्वयंसेवकांनी पुन्हा कुऱ्हाड हाती घेतली. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकहॅम यांनी याच काळात इथले बांध, बुडखे, जुनी दप्तरे आणि फुलांची गणती एकत्र वाचायला सुरुवात केली. जमिनीकडे कागदाइतक्याच विश्वासाने पाहायची त्यांची शिस्त पुढे साऱ्या इंग्लंडमध्ये रुजली. 2015 साली त्यांचे निधन झाले.

आज रानापुढे दोन संकटे आहेत. पहिले हरणांचे. फॅलो हरणे वाढली, त्यांच्या जोडीला चीनमधून आणलेली, आपल्या भेकराच्या जातकुळीतली मुंतजॅक हरणेही इंग्लंडभर पसरली. ऑक्सलिपच्या कळ्या आणि बुडख्यांचे कोवळे धुमारे ही दोन्ही त्यांची आवडती. फुले डोळ्यांदेखत घटू लागली, तेव्हा उंच जाळीचे कुंपण घालावे लागले. सातशे वर्षांपूर्वी बांधाने जे काम केले, तेच आता जाळी करते आहे. दुसरे संकट बुरशीचे आहे. पूर्व आशियातून आलेली, ॲशची पाने आणि फांद्या वाळवणारी ही बुरशी ब्रिटनमध्ये प्रथम 2012 साली आढळली, आणि तिला रोखील अशी जाळी नाही. काही झाडे तिला तोंड देतात असे दिसते. त्यांचे बी टिकले तर ॲश टिकेल, पण शेकडो वर्षांचे बुडखे एकदा गेले की नव्या रोपांनी त्यांची जागा भरून निघणार नाही, याचे दुःख वाटल्याशिवाय राहत नाही.

ऑक्सलिप पाहायचे असेल तर एप्रिल महिना गाठावा, ब्लूबेल त्यानंतर थोड्याच दिवसांत येतात. वाटा चिखलाच्या असतात, म्हणून उंच रबरी बूट लागतात. पायवाट सोडून फुलांत शिरू नये, कारण तुडवलेली ओली चिकणमाती घट्ट होते आणि तिथे रोप धरत नाही. शक्य असेल तर आधी जाळीच्या आतला अलीकडे तोडलेला तुकडा पाहावा आणि मग अनेक वर्षे न तोडलेला, म्हणजे दोन्ही जमिनींवरचा फुलोरा एकाच फेरीत ताडून पाहता येतो.