चुरू : तेवीस सह्यांची हवेली

(दृश्य: सकाळचा हायवे, दोन्ही बाजूंना खेजडीची झाडं, मागच्या सीटवर झोपलेलं बाळ)

आमच्या मारवाडी घरात "गावी चाललो" असं कुणी म्हणत नाही, "देस चाललो" म्हणतात. देस म्हणजे भारत देश नाही बरं का, देस म्हणजे चुरू, राजस्थानात, थरच्या वाळवंटाच्या कडेला. आणि पोटापाण्यासाठी जिथं राहायचं ते दिसावर. म्हणजे या हिशोबाने अकोला हे आमचं दिसावर झालं, पाच पिढ्या झाल्या तरी. मी मराठी शाळेत शिकलो, शिव्या मराठीत देतो, पण घरात पोरगं जन्माला आलं की दादाजी, म्हणजे आमचे आजोबा, पहिला प्रश्न विचारणार, जडूला कधी? जडूला म्हणजे जावळ. ते अकोल्यात काढलेलं चालत नाही, त्यासाठी सालासरच्या बालाजीलाच जावं लागतं. तर यावेळी माझ्या पुतण्याचं जडूला होतं आणि मी कॅमेरा घेऊन गेलो, कारण दादाजी 81 वर्षांचे आहेत आणि स्वतःच म्हणाले की ही माझी शेवटची फेरी (हे ते गेल्या दोन फेऱ्यांपासून म्हणतायत).

पूर्वी अकोल्यातून मीटरगेजची मीनाक्षी एक्सप्रेस थेट जयपूरला जायची. दादाजी तिच्याबद्दल असं बोलतात जसं लोक मेलेल्या म्हशीबद्दल बोलतात, हळहळून. आता मीटरगेज गेलं, आता जयपूर गाठायचं, तिथून सीकर, फतेहपूर करत चार तास रोडने.

(दृश्य: चुरूचा बाजार, उंटगाडी, मोबाईल रिचार्जची दुकानं, मागे पडकी रंगीत भिंत)

हे चुरू. जून 2019 मध्ये इथं 50.8 डिग्री तापमान नोंदवलं गेलं, मे 2024 मध्ये 50.5, आणि हेच गाव डिसेंबर-जानेवारीत शून्याच्या खाली जातं, सकाळी बाहेर ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा येतो. टीव्हीवाले दर मे महिन्यात इथं येऊन वाळूत पापड भाजून दाखवतात. त्यामुळे सगळ्यांना वाटतं की लोक हे शहर सोडून जातात ते उन्हामुळे, पाणी नाही म्हणून. मलाही तसंच वाटायचं. दादाजींना विचारलं तर म्हणाले, "ऊन तर अकोल्यातही आहे." आता यावर काय बोलणार, अकोल्याचा माणूस उन्हाला घाबरून कुठं जाईल?

खरी गोष्ट अशी की वाळवंट हीच या लोकांची कमाई होती. सिंध आणि गुजरातच्या बंदरांकडून दिल्लीकडे जाणारे उंटांचे तांडे याच पट्ट्यातून जायचे, मसाले, अफू, लोकर, कापड सगळं. ज्या ठाकुराची, म्हणजे जहागीरदाराची, जकात कमी, तांडा त्याच्या गावातून जाणार. आणि व्यापारी तर तांड्याच्याही पुढचे. 1791 च्या सुमारास चुरूच्या ठाकुराने लोकरीवरची जकात वाढवली तर पोद्दार शेठ रुसले, आणि नुसते रुसले नाहीत तर थोड्याच अंतरावर सीकरच्या हद्दीत जाऊन अख्खं नवीन शहर वसवलं, रामगढ. आजही त्याला शेठांचं रामगढ म्हणतात. म्हणजे या गावातलं आपल्याला माहीत असलेलं पहिलं मोठं स्थलांतर हे टॅक्सवरून झालंय, तहानेवरून नाही.

आणि पैसा किती असेल बघा. 1814 मध्ये बीकानेरच्या फौजेने चुरूच्या किल्ल्याला वेढा घातला, आतला दारूगोळा संपला, तेव्हा लोकांनी घरातली चांदी आणून दिली आणि तोफेतून चांदीचे गोळे मारले असं इथं प्रत्येक जण सांगतो, रिक्षावाल्यापासून शाळामास्तरांपर्यंत. मी किल्ल्यात उभा राहून एका काकांना विचारलं की मग ते गोळे नंतर गोळा कुणी केले? ते म्हणाले, हाच प्रश्न तुमच्यासारखे बनियेच विचारतात.

मग इंग्रज आले, कलकत्ता आणि मुंबई ही मोठी बंदरं झाली, मग रेल्वे आली आणि उंटाचा रस्ता एका पिढीत वाळून गेला. रस्ताच हलला म्हटल्यावर रस्त्यावर जगणारे हलणारच ना. चुरू, फतेहपूर, नवलगढ, मंडावा, इथली पोरं तेराव्या-चौदाव्या वर्षी लोटा आणि सतरंजी घेऊन निघायची आणि कलकत्त्याच्या बडाबाजारात कुणातरी नातेवाइकाच्या गादीवर, म्हणजे पेढीवर, मुनिमाच्या हाताखाली बसायची. राहायला बासा असायचा, म्हणजे आपली खानावळ, देसच्या महाराजाच्या, म्हणजे आचाऱ्याच्या, हातचं जेवण, झोपायला गादीच. बायको देसात. तीन-तीन वर्षांनी एकदा घरी. काही जण तर पार ब्रह्मदेशात पोचले.

आमचे पूर्वज विदर्भात आले ते कापसामागे. वऱ्हाडात कापसाच्या जिनिंग होत्या, रेल्वे होती, आणि घरी छप्पनिया पडला होता. विक्रम संवत 1956, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ. आमच्याकडे अजूनही कुणी ताटात टाकलं की म्हातारी माणसं म्हणतात, छप्पनिया बघितला असतास तर. दादाजींचे आजोबा त्याच वर्षी निघाले. त्या बाबतीत मात्र मानावं लागेल, ती तहानच होती.

(दृश्य: सेठाणी का जोहडा, पायऱ्या, तळाशी थोडं पाणी)

त्याच दुष्काळात बांधलेलं हे सेठाणीचं जोहडं, म्हणजे तळं, चुरूच्या बाहेर. बागला शेठ भगवानदासांच्या विधवा पत्नीने बांधून घेतलं, म्हणजे लोकांना कामही मिळालं आणि पुढे पाणीही. इथं उभं राहिलं की मला वर्ध्याची आठवण येते, सांगतो का ते. जमनालाल बजाज, ज्यांनी गांधीजींना वर्ध्यात आणलं, ते मूळचे याच भागातले, सीकरजवळच्या काशी का बास गावचे, 1889 चा जन्म. वर्ध्याच्या बच्छराज शेठांनी त्यांना लहानपणीच दत्तक घेतलं. आणि असं सांगतात की आईवडिलांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही, फक्त गावात एक पक्की विहीर बांधून घेतली. एक पोरगा गेला आणि एक विहीर आली. मी ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा छान वाटली होती, आता पुतण्या मांडीवर घेऊन ऐकली तर जरा वेगळीच लागली.

बरं, गेलेली माणसं परत आली नाहीत पण पैसा मात्र येत राहिला, आणि कसा! कलकत्त्यात दोन खोल्यांत राहायचं आणि देसात चार चौकांची हवेली बांधायची, जिच्यात वर्षातून एक महिना राहणार. लोकांना दिसलं पाहिजे ना की पोराचं बरं चाललंय. भिंतीवर चितारी बोलावून आधी राधाकृष्ण, लोककथेतली ढोला-मारूची जोडी काढायचे, मग पुढे पुढे आगगाडी, मोटार, ग्रामोफोन, गोरी मेमसाहेब. ज्याने आगगाडी रंगवली त्याने ती बघितली होती की नाही देव जाणे, काही ठिकाणी डबे म्हणजे चाकांवर ठेवलेल्या झोपड्याच वाटतात. चुरूत एका हवेलीवर तर चिरूट ओढणारा येशू आहे! मी पंधरा मिनिटं त्याच्यासमोर उभा होतो. शेठ कलकत्त्याहून कॅलेंडर घेऊन आला असेल, चिताऱ्याला म्हणाला असेल हे काढ, आणि त्याने साहेब म्हणजे चिरूट असा सरळ हिशोब केला असेल. हा माझा अंदाज, इतिहास नाही.

गावातून चालत जा, हॉस्पिटल भरतियांच्या नावाचं, कॉलेज लोहियांच्या नावाचं, शाळा बागलांच्या नावाची. बोर्डांवर जी नावं आहेत ती माणसं इथं राहत नाहीत, आणि जी इथं राहतात त्यांची नावं बोर्डांवर नाहीत.

(दृश्य: आमची हवेली, मोठा दरवाजा, आतला छोटा दरवाजा उघडतो)

ही आमची. म्हणजे "आमची" हा शब्द जपून वापरायचा, सात-बारावर असतात तशी हिच्या कागदावर 23 नावं आहेत. पाणी आत झिरपतंय, वरच्या मजल्याची एक गोखडी म्हणजे नक्षीची खिडकी गेल्या पावसात पडली. चुरूला पाऊस पडतो किती, पण जो पडतो तो आमच्याच छतात. दादाजींनी अकोल्याहून पितळी किल्ली आणली होती, देवघरात टांगलेली असते ती, आम्ही लहानपणी तिला हात लावला की फटका बसायचा. ती लागलीच नाही. चौकीदारकाकांनी शांतपणे सांगितलं, कुलूप 2009 मध्ये गंजलं होतं बाबूजी, मी तेव्हाच बदललं. म्हणजे इतकी वर्षं अकोल्यात आम्ही ज्या किल्लीची पूजा करत होतो ती कशाचीच नव्हती.

चौकीदारकाकांचं कुटुंब मागच्या नोहऱ्यात राहतं, पूर्वी गाईगुरं बांधायचे तो भाग. चाळीस वर्षं तेच राहतात, झाडतात, दिवाळीला दिवा लावतात. खरं विचाराल तर हवेली त्यांचीच म्हणायला पाहिजे. त्यांच्या घरात आत गेलो तर भिंतीवर शारजाच्या एका बिल्डिंगचा फोटो, फ्रेम केलेला. मोठा मुलगा तिकडे टाइल्स बसवतो, अकरा वर्षं झाली. हा चुरू-झुंझुनू-सीकरचा सगळा पट्टाच आता आखातात जातो, कोण गवंडी, कोण ड्रायव्हर, आणि ज्याची उंची-छाती बसते तो फौजेत. नातू सीकरला नीटच्या कोचिंगला. शेठांची पोरं कलकत्त्याला गेली तेव्हा ती मोठी गोष्ट झाली, पुस्तकं निघाली, हवेल्या झाल्या. ही पोरं जातात तेव्हा फक्त व्हिसाच्या एजंटचा बोर्ड दिसतो, पण लोटा-सतरंजी तीच आहे, फरक इतकाच की बायको व्हिडिओ कॉलवर दिसते. तेही पैसे पाठवतात आणि घर बांधतात. सिमेंटचं, दोन मजली, आणि टाइल्स अर्थातच एक नंबर.

आता परत कोण येतं? आमच्यासारखे, दोन दिवसांसाठी. जडूला, लग्नानंतरची जात (म्हणजे नव्या जोडीने देवाच्या पाया पडायला जाणं) द्यायला, झुंझुनूला राणीसतीला, खाटूला श्यामबाबाला. हॉटेलात राहतो, बाजरीची रोटी आणि केर-सांगरी खाऊन "अहाहा" करतो, पोरांना चितारलेली आगगाडी दाखवतो, निघतो. फतेहपूरला एक फ्रेंच चित्रकार बाई आली, नदीन ल प्रँस, 1998 मध्ये तिने एक जुनी हवेली विकत घेतली आणि रंग न् रंग दुरुस्त केला. मालकांना जे जमलं नाही ते फ्रान्सच्या बाईला जमलं, याचं दादाजींना कौतुकही आहे आणि थोडी लाजही. चुरूत मालजी का कमरा होता, 1920 च्या आसपासचा, पार पडायला आलेला, त्याचं आता हॉटेल झालंय, हिरवट रंगाचं.

आणि एक जण खरंच परत आलाय, आमच्याच भावकीतला एक चुलतभाऊ. सुरतला साडीच्या दुकानात होता, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आला तो गेलाच नाही. आता छतांवर सोलर पॅनेल बसवतो. म्हटलं करमतं का रे? तर म्हणाला, "उन्हाचा धंदा आहे, आणि ऊन इथं उधार मागावं लागत नाही." पाण्याचं विचारलं तर हसला, आता कॅनॉलचं पाणी येतं, हिमालयातल्या नद्यांचं, आपणी योजना म्हणतात, त्यात जर्मनीचा पैसा लागलाय. आधी जमिनीतलं पाणी इतकं खारं की चहा फाटायचा, लोक पावसाच्या पाण्याच्या कुंडांना कुलूप लावून झोपायचे. म्हणजे दादाजींचे आजोबा ज्या कारणाने गेले ते कारण आता उरलं नाही, पण कारण गेलं म्हणून माणसं थोडीच परत येतात.

(दृश्य: संध्याकाळ, नोहऱ्यात खाटेवर दादाजी आणि चौकीदारकाका, फोन मध्ये धरलेला)

निघायच्या आदल्या संध्याकाळी शारजाहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी फोन दादाजींसमोर धरला. थोडं इकडचं तिकडचं झालं, बाळाला दाखवलं, मग तो म्हणाला, बाबूजी एक विचारू का? मला परत यायचंय. पाठ दुखते आता, आणि पोरगा मोठा होतोय. हवेलीची पुढची बैठक बंदच आहे ना, रस्त्याच्या बाजूची, ती मला भाड्याने द्या, टाइल्स-सॅनिटरीचं दुकान टाकतो, छताची दुरुस्ती माझ्या खर्चाने करतो, भाडं तुम्ही सांगाल ते.

दादाजी काही बोललेच नाहीत बराच वेळ. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "बेटा, देईन रे, पण माझं एकट्याचं नाही ना. तेवीस सह्या लागतील."

"तर घेऊ ना बाबूजी, कुठं कुठं आहेत सगळे?"

दादाजींनी चष्मा काढला आणि बोटं मोडत मोजायला लागले. कलकत्त्यात नऊ, त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत. सुरतला चार. अकोल्यात आम्ही पाच. हैदराबादला दोन, मुंबईत दोन.

"आणि एक ह्यूस्टनला," ते म्हणाले, "तो फोन उचलत नाही."