वीज धरणात साठवतात

विद्यार्थी मित्रांनो, शिक्षकहो आणि पालकहो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘ऊर्जा साधने, वीजनिर्मिती आणि तरंग’ असा छापला आहे. या तिन्हींकडे मी येणारच आहे. पण त्याआधी माझ्या शाळेतली एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

मी आठवीत असताना सरांनी वर्गाला विचारले, “वीज कुठे साठवतात?” माझ्या बाकावरच्या मित्राने हात वर केला आणि ठामपणे सांगितले, “धरणात.” वर्ग हसला. सर म्हणाले, “धरणात पाणी साठवतात, वीज नव्हे,” आणि तास संपेपर्यंत त्याला उभे केले. अपेक्षित उत्तर ‘विद्युतघटात’ असे होते. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्या मुलाने वर्गात हात वर केला नाही. याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्याचे उत्तर बरोबर होते, आणि ते का बरोबर होते हे सांगण्यासाठीच मी इथे चिपळूणला आलो आहे.

त्याच मित्राच्या सायकलला डायनामो होता. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला नसेल, म्हणून सांगतो: लहानशा बाटलीच्या आकाराची ती वस्तू मागच्या चाकाजवळ बसवलेली असे आणि खटका दाबला की तिचे दातेरी डोके टायरला टेकून गरगर फिरू लागे. आत एक चुंबक आणि तारेचे वेटोळे, एवढाच त्याचा संसार. संध्याकाळी आम्ही डबलसीट घरी येत असू. अंधार पडला की तो डायनामो लावी आणि त्या क्षणी सायकल जड होई. एकदा खड्ड्यात आदळून दिव्याची तार निसटली. दिवा विझला, डायनामो मात्र फिरतच होता, आणि माझा मित्र पायडल मारता मारता म्हणाला, “अरे, सायकल हलकी झाली!” टायरचे घर्षण तेच होते, चढही तोच होता, कमी झाले होते ते फक्त दिव्याचे ओझे. तारेतून विद्युतधारा वाहू लागली की ती धाराच चुंबकाच्या फिरण्याला विरोध करते, आणि तो विरोध मोडण्यासाठी पायांना जे जादा कष्ट पडतात त्यांचाच पुढे उजेड होतो. मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली प्रयोगशाळेत दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन आम्हाला असे पोटऱ्यांतून कळले.

आता हीच सायकल कोयना वीजप्रकल्पाच्या पोफळीला घेऊन जाऊ. सह्याद्रीच्या पलीकडे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे, अलीकडे डोंगराच्या पोटात भूमिगत वीजगृह आहे, आणि दोहोंच्या पातळीत सुमारे पावणेपाचशे मीटरचा फरक आहे. 1962 साली इथली चाके फिरू लागली. आज कोयना प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता सुमारे 1960 मेगावॅट आहे. तुमच्या वाशिष्ठीला भर उन्हाळ्यात पाणी असते, ते हीच चाके फिरवून आलेले असते.

हिशेब वहीत करून पाहा. गच्चीवरची काळी टाकी हजार लिटरची, म्हणजे तिच्यात हजार किलो पाणी. बारा मीटर उंचीवरच्या त्या टाकीची स्थितिज ऊर्जा 1000 × 9.8 × 12, म्हणजे सुमारे एक लाख अठरा हजार ज्यूल. नऊ वॅटचा एक दिवा साडेतीन तासांहून थोडा अधिक वेळ जळेल, एवढीच! तीच टाकी पावणेपाचशे मीटर उंचीवर नेली, तर तिच्यातून सव्वा युनिटहून थोडी अधिक ऊर्जा मिळते (एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल). गळती आणि घर्षण वजा करून एक युनिट धरा. तुमच्या बिलावरच्या प्रत्येक युनिटमागे एवढे पाणी डोंगर उतरते असे समजा, आणि मग सांगा, धरणात काय साठवले आहे?

संध्याकाळी सात वाजता मुंबई-पुण्यात लाखो दिवे आणि पंखे एकदम सुरू होतात. तेव्हा देशभरातल्या जनित्रांची चाके त्या सायकलसारखी जड होऊ लागतात आणि किंचित मंदावतात. तारेतली वीज साठून राहत नाही. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती निर्माण करावी लागते. कोळशाच्या बॉयलरला वाफ वाढवायला वेळ लागतो. पाण्याचा झोत मात्र काही मिनिटांत वाढवता येतो, आणि संध्याकाळच्या मागणीला कोयना धावून येते ती म्हणूनच.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटे उरली आहेत. तरंगांचे थोडक्यात सांगतो, त्यांना याहून अधिक वेळ द्यायला हवा होता. चुंबकाचा उत्तर ध्रुव वेटोळ्याजवळून गेला की धारा एका दिशेने ढकलली जाते, दक्षिण ध्रुव गेला की उलट दिशेने. त्याचा आलेख म्हणजे तुमच्या पुस्तकातली ती वर-खाली जाणारी नागमोडी रेघ. चाकावर ध्रुवांच्या दहा जोड्या असतील आणि ते सेकंदाला पाच फेरे घेत असेल, तर पन्नास आवर्तने होतात; आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ आहे ती हीच. चाक मंदावले की वारंवारता घसरते. म्हणून भारनियंत्रण केंद्रातला माणूस ती 49.90 ते 50.05 या पट्ट्यात राखण्यासाठी चोवीस तास आकड्यावर डोळा ठेवून असतो. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी. हा तरंग जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातो, म्हणून त्याची लांबी सुमारे सहा हजार किलोमीटर भरते, काश्मीर ते कन्याकुमारी अंतराच्या जवळपास दुप्पट. तारेतले इलेक्ट्रॉन मात्र खाडीच्या लाटेवर तरंगणाऱ्या पानासारखे जागच्या जागी हेलकावतात. पुढे जाते ती ऊर्जा.

ऊर्जा साधनांची तुलना राहिली. कोळसा, अणुभट्टी, वारा आणि पाणी या सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारतो: चाक कोण फिरवते? सौर पॅनेलमध्ये चाकच नाही, आणि ऊन दुपारी भरात असते तर मागणी संध्याकाळी चढते. त्यासाठी घाटघरला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे: वरचा तलाव घाटमाथ्यावर, खालचा कोकणात. वीज मुबलक असते तेव्हा पाणी वर चढवायचे आणि गरजेला खाली सोडायचे. अशा प्रकल्पांत चार युनिटे खर्चून साधारण तीन परत मिळतात, तरीही ते परवडते, कारण ती तीन युनिटे नेमकी दिवेलागणीला मिळतात. सौर ऊर्जा जसजशी वाढेल तसतसे असे आणखी तलाव लागतील, आणि ते बांधणारे अभियंते माझ्या मित्राचेच उत्तर देतील.