माशाले उवा झाल्या का रे?

रात्रीचे अकरा वाजलेत, मानेवाडा, नागपूर. खिडकीत कूलर घरघरून राहिला आणि हॉलमधे दीडशे लिटर समुद्र. समुद्र म्हणजे काय, आरओचं पाणी अन् पाकिटातलं सिंथेटिक मीठ, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम, पहिल्यांदा टँक भरला तेव्हा पाच किलोच्या वर मीठ लागलं. आई म्हणे एवढ्यात दोन वर्षाचं लोणचं झालं असतं.

दिवसा बघाल तर दोन क्लाउनफिश अन् दगड, बस. पण लाइट बंद करा, अर्धा तास थांबा आणि टॉर्चवर लाल जिलेटीन लावून या, पांढऱ्या उजेडात हे लोक लगेच पळतात.

हे बघा काचेवर. पांढरे ठिपके, धावून राहिलेत.

आईनेच पहिल्यांदा पाहिले. "माशाले उवा झाल्या का रे?" माझी फाटली, तांब्याचं औषध टाकणारच होतो. टाकलं असतं तर मासे राहिले असते कदाचित, पण टँकमधलं बिनकण्याचं जे काही आहे, गोगलगायी, कोळंबी, हे ठिपके, सगळं साफ. नशीब, बाटली दुकानात नव्हती.

मग इतवारीच्या सराफ्यातून सोनार डोळ्याला लावतात ते दहापट भिंग आणलं. ठिपका जवळून असा दिसतो: थेंबासारखं अंग, मागे निमुळतं, डोक्यावर मिशा, मधोमध एकच लाल डोळा, आणि ही मादी आहे कारण शेपटीशी अंड्यांची पिशवी लटकलीय. कोपेपॉड. जेमतेम मिलिमीटरभर, अन् मोठं व्हायला अकरा वेळा कात टाकतो! उवा वगैरे काही नाही, काचेवरचं शेवाळ खातो, आणि मासे त्याला खातात.

आले कुठून? नागपूरला समुद्र कुठे भाऊ. मित्राने हिरव्या शेवाळाचा एक गुंता दिला होता, त्यात बसून आले. दगडांतून यायचा प्रश्नच नाही, माझे दगड कोरडेच आहेत, कारण समुद्रातून प्रवाळ उचलून आणणं गुन्हा आहे, टणक प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमधे आहेत.

आता पंपावर बघा, मोहरीपेक्षा लहान पांढऱ्या जिलेब्या चिकटल्यात. स्पायरॉर्बिस, नळीतला किडा, पाणी गाळून खातो. खरवडू नका, पुन्हा येतात.

खरी गंमत या दोघांत. हा वाकडा, झिंग्याच्या पिल्लासारखा, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा, म्हणून आडवा पडून सटकतो, तो अँफिपॉड. आणि हा वरून दाबलेला, कुंडी उचलली की खाली गोळी होऊन बसतो ना, त्याच खानदानातला, आयसोपॉड. बहुतेक आयसोपॉड गरीब असतात. पण मोठे काळे डोळे, सुसाट पोहणं, आणि सकाळी माशाच्या अंगावर चिकटलेला दिसला तर समजा सिरोलॅनिड, रात्री मासा चावतो. त्याला मात्र दया नाही.

मला एकदा तसा संशय आला होता. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत कोळंबीचा तुकडा, रात्रभर टँकच्या तळाशी. सकाळी उठून बघतो तर आयसोपॉड एक नाही, आत हातभर वाटावा असा (बरं, बोटभर) गुलाबी केसाळ वर्म वेटोळं घालून बसलेला. ब्रिसल वर्म, उरलंसुरलं खाणारा, टँकचा सफाई कामगार. एवढं माहीत असूनही मी उघड्या हाताने बाटली रिकामी केली.

ते केस नाही हो, काचेच्या कुसळासारखे काटे असतात, बोटात दीडदोनशे तरी गेले असतील. आईने चष्मा लावला, सेलोटेप दाबून दाबून एकेक काढला, आणि शेवटी म्हणाली, "याच्यापेक्षा उवा बऱ्या होत्या."