दगडाखालचं मिसो

जपानच्या आइची प्रांतातल्या ओकाझाकीच्या किल्ल्यापासून पश्चिमेला चालत निघायचं. आठ 'चो' (अंतराचं जुनं जपानी माप), म्हणजे सुमारे ८७० मीटर. या अंतरावरूनच वस्तीला 'हाच्चो' नाव पडलं आणि वस्तीवरून इथल्या काळपट मिसोला, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या खारट लगद्याला.

जुन्या तोकाइदो रस्त्याच्या दोन बाजूंना मिसो बनवणाऱ्या दोन पेढ्या. मारुया १३३७ सालची, काकुक्यू १६४५ ची. काकुक्यूने १९०७ साली बांधलेलं मिसोचं कोठार आता संग्रहालय आहे. आत माणसाएवढे पुतळे जुन्या काळचं काम करताना दिसतात. पण खरं पाहायचं ते चालू कोठारात.

अंधारात रांगेने उभी लाकडी पिंपं. पुरुषभर उंचीची, 'सुगी' नावाच्या जपानी झाडाच्या फळ्यांची, बांबूच्या वेढ्यांनी आवळलेली. एकेका पिंपात सहा टन मिसो. सोयाबीन, मीठ, पाणी आणि कोजी नावाची बुरशी. तांदूळ नाही, जव नाही. आपल्याकडे बरणीला दादरा बांधला की लोणचं मुरायला मोकळं. इथे मात्र वर तीन टन दगड चढतात.

हे नदीतले गोटे. सिमेंट नाही, दोरी नाही. नुसते एकावर एक रचून केलेला शंकू. मिसोत पाणी मुळातच कमी. वजन एका अंगाला गेलं, तर ओल सगळीकडे सारखी पोचणार नाही. म्हणून कुठला गोटा कुठे बसेल, हे हाताला कळावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. भूकंपातही ही रास ढासळत नाही, असं इथे अभिमानाने सांगतात.

मग दोन उन्हाळे, दोन हिवाळे. मिसोला कोणी हात लावत नाही.

२०१७ साली सरकारने 'हाच्चो मिसो'ला भौगोलिक मानांकन दिलं, तेही आइची प्रांतातल्या दुसऱ्याच उत्पादक संघटनेला. त्या निकषांत लाकडी पिंपाची सक्तीच नाही. ज्या वस्तीचं नाव, तिथल्या या दोन्ही पेढ्या बाहेर! चवीचा वाद असता तर एका वाटीत मिटला असता.

बाहेरच्या दुकानात मिसोचं आइस्क्रीमही मिळतं. खारट-गोड, जरा कॅरॅमलसारखं. पहिल्या घासाला बिचकायला होतं, दुसऱ्याला नाही.

कोठारात एका पिंपाची मुदत भरली आहे. गोटे एकेक करून, हातानेच खाली उतरतात. नव्याने भरलेलं पिंप त्यांची वाट पाहत शेजारीच उभं आहे.