उठायची मुभा

वाशीत झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

आयोजकांनी फोनवर विषय सांगितला, 'नोकरदारांसाठी व्यायाम'. मी हो म्हणालो आणि मग माझी पंचाईत झाली. व्यायाम करावा हे या सभागृहात कुणाला ठाऊक नाही? सकाळी सागर विहारला जाऊन बघा, निम्मी वाशी चालताना दिसेल. फक्त त्यातली बरीचशी निवृत्त असते.

मी तीस वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपनीचा डॉक्टर म्हणून फिरलो. रबाळे, महापे, पावणे आणि शेवटी शेवटी ऐरोलीची काचेची ऑफिसं. माझ्यासमोर बसायचे ते उजाडायच्या आत कंपनीची बस पकडणारे, नाहीतर रात्री अडीचला कॅबमधून सोसायटीच्या गेटवर उतरणारे. त्यांना मी 'रोज अर्धा तास चाला' असं सांगायचो, केसपेपरवर लिहूनही द्यायचो. पुढच्या वर्षीच्या तपासणीला तीच माणसं दोन-तीन किलो वाढवून यायची आणि मी तेच वाक्य परत लिहायचो. बरीच वर्षं माझी समजूत अशी की माणसं ऐकत नाहीत. त्यांचा दिवस कसा जातो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

कंपन्यांचं काय चालतं तेही सांगतो. वर्षातून एकदा आरोग्य सप्ताह. टी-शर्ट, केळं, गेटजवळ झुंबा, एचआरचा फोटोग्राफर. एका कारखान्यात मी बघितलं, सगळे नाचत होते आणि ज्यांच्या मशिनी चालू होत्या ते ऑपरेटर शॉपच्या जाळीतून बघत उभे होते. त्यातल्या एकाला मी गमतीने म्हटलं, ''तुम्ही नाही आलात?'' तो म्हणाला, ''मशीन कोण बंद करणार साहेब, तुम्ही?'' पुढे पावलांच्या स्पर्धा आल्या. एकाने आपला फोन दिवसभर चहावाल्या पोऱ्याच्या खिशात ठेवला आणि बक्षीस पटकावलं. मला विचाराल तर बक्षीस योग्य खिशात गेलं नाही, एवढंच. आणि रोज दहा हजार पावलं चाला म्हणतात, तो आकडा वैद्यकशास्त्रातून आलेलाच नाही बरं का. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच मुळी 'दहा हजार पावलं मोजणारं'. नाव खपलं आणि आकडा जगभर पसरला.

आता एक जुना अभ्यास जरा सविस्तर सांगतो, कारण माझं पुढचं सगळं बोलणं त्याच्यावर उभं आहे. लंडनच्या दुमजली बस. १९४९-५० चा काळ. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या सुमारे ३१ हजार वाहतूक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. एकाच बसमधली दोन माणसं घ्या, ड्रायव्हर आणि कंडक्टर. वस्ती तशीच, पगारात फार फरक नाही, हवा तीच. ड्रायव्हर पाळीतला नव्वद टक्के वेळ बसून. कंडक्टर मात्र तिकिटं फाडायला वर-खाली, दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त, आणि पहिल्याच झटक्यात दगावण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त.

लोकांनी शंका काढली की मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील. शंका रास्त होती. मॉरिस यांनी काय केलं, गणवेशाच्या कोठारातून विजारींची मापं मागवली! कमरेचा घेर ड्रायव्हरांचा खरंच मोठा निघाला. पण सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर समोरासमोर ठेवले, तरी अचानक मृत्यू ड्रायव्हरांमध्येच अधिक. म्हणजे फरक नुसता पोटाचा नव्हता.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की त्या कंडक्टरांपैकी कुणी 'व्यायाम करतो' म्हणून जिने चढत नव्हतं. त्यांचं कामच तसं बेतलेलं होतं. आपल्या एनएमएमटीच्या, म्हणजे नवी मुंबईच्या बससेवेच्या कंडक्टरला आज तो जिना नाही. बस एकमजली, हातात तिकिटाचं मशीन. सकाळच्या गर्दीत त्याचे पाय हलतात, दुपारी तो दाराजवळच्या सीटवर असतो. त्याची इच्छाशक्ती कमी झालेली नाही. जिना गेला.

बसण्यात एवढं काय वाईट, असं मला नेहमी विचारतात. पोटरीचा स्नायू बघा. तो आवळला की पायातलं रक्त वर ढकलतो, आणि काम करणारा स्नायू रक्तातली साखर आत ओढून घेतो. त्यासाठी त्याला इन्शुलिनवर सगळी भिस्त ठेवावी लागत नाही. तुम्ही डबा खाऊन खुर्चीत बसता, भात-पोळीची साखर रक्तात येते आणि तिला घ्यायला दारात कुणी नसतं. ऑस्ट्रेलियात डन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रयोग केला. वजन जास्त असलेल्या मध्यमवयीन लोकांना गोड पेय देऊन पाच तास बसवलं. दुसऱ्या वेळी त्याच लोकांना दर २० मिनिटांनी उठवून दोन मिनिटं सावकाश चालवलं. जेवणानंतरची साखरेची चढण सुमारे २४ टक्क्यांनी उतरली. माणसं मोजकी १९ होती, तेव्हा हा आकडा फ्रेम करून लावू नका. पण दोन मिनिटं, तीही सावकाश! घाम नाही, बूट नाहीत. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या पुढे गेला आणि उंबरठ्यावर असलेल्यांचा १३ कोटी ६० लाखांवर. या उंबरठ्यावरच्या लोकांना ही दोन मिनिटं देता आली तर मला गोळ्या कमी लिहाव्या लागतील.

याउलट, दिवसभर बसून संध्याकाळी भरपाई करायची म्हटलं तर? दहा लाखांहून जास्त लोकांच्या आकडेवारीवरून २०१६ मध्ये एक हिशेब मांडला गेला. आठ तास बसण्याचा तोटा पुसायला रोज साधारण तास-सव्वा तास भरभर चालण्याइतकी हालचाल हवी. डोंबिवलीहून ठाण्याला येऊन, नऊ-दहा नंबरच्या फलाटावर ट्रान्स-हार्बर लोकल गाठून, घणसोलीला उतरून शेअर रिक्षा धरणाऱ्या बाईला हा सव्वा तास कुठून मिळणार? घरी पोचल्यावर कुकर तिचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये एक अट काढून टाकली ते बरं झालं. आधी सलग दहा मिनिटं चाललात तरच ते धरलं जायचं. आता पुलावरची चार मिनिटंही जमेत येतात. आठवड्याला १५० मिनिटं हे माप कायम आहे, पण ते चिल्लर करून भरता येतं.

मग चिल्लर गोळा करायची तर कामाच्या वेळातच. आणि इथे खरी अडचण आहे. एका कॉल सेंटरमध्ये मी आठवड्यातून दोनदा जायचो. तिथे जागेवरून उठायचं तर आधी कॉम्प्युटरवर ब्रेकचा कोड टाकायचा, की लगेच घड्याळ सुरू. महिनाअखेरीला त्या मिनिटांची बेरीज टीम लीडरच्या हातात. एक मुलगी वारंवार लघवीच्या जंतुसंसर्गाने यायची. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, पाणी भरपूर पी. ती म्हणाली, ''सर, पाणी प्यायलं की जावं लागतं.'' मी पेन खाली ठेवलं. हिला मी चालायचे सल्ले देत होतो!

२०२५ मध्ये नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत आपल्याकडे १९४८ चा कारखाने कायदा होता. त्याचं कलम ४४ सांगायचं की उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसायची सोय असली पाहिजे. फार चांगलं कलम होतं आणि कधी पुरतं पाळलं गेलं नाही. दुकानांना तर तेही लागू नव्हतं. ठाण्यात राम मारुती रोडला साडी घ्यायला गेलात तर साडी दाखवणाऱ्या मुलीच्या मागे स्टूल आहे का, जरा बघा. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कर्मचाऱ्यांना बसायचा हक्क कायद्याने दिला. पण त्या कॉल सेंटरमधल्या मुलीला उठता यावं म्हणून कलम कुठलं दाखवायचं? १९४८ मध्ये कुणाच्या डोक्यात येणार होतं की माणूस बसून थकेल?

एका ऑफिसात मॅनेजर समजूतदार भेटले. त्यांना म्हटलं, पाण्याचा कूलर आणि प्रिंटर मजल्याच्या दुसऱ्या टोकाला न्या. त्यांनी नेले. महिन्याभराने गेलो तर प्रत्येक टेबलावर भरलेली बाटली आणि प्रिंटचे कागदही जागेवर. आणून कोण देत होतं? ऑफिस बॉय! त्या मजल्यावर साठ माणसं बसायची आणि साठांच्या वाटचं एकटा चालायचा. आपल्याकडे पाणी उठून घेणं म्हणजे हुद्दा उतरल्यासारखं वाटतं, हे परदेशी पुस्तकांत लिहिलेलं नसतं. शेवटी मॅनेजर स्वतः बाटली घेऊन उठायला लागले, तेव्हा बाकीचे उठले. त्यांची बदली झाल्यावर कूलर परत मधे आला.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी पाच मिनिटांचा योग सुचवला, 'वाय-ब्रेक' नावाने. जपानी कारखान्यांत पाळीच्या आधी कवायत असते, त्यांच्या रेडिओवरची कवायत १९२८ पासूनची आहे. दोन्हींत माझ्या कामाची बाब एकच, ती मिनिटं कामाच्या जागीच मिळतात.

एवढं सगळं बोलल्यावर एका प्रसंगाबद्दल मला अजून उत्तर सापडलेलं नाही, तो सांगतो. इथे जवळच एपीएमसी बाजारात एका शिबिरात होतो. माथाडी कामगार तपासत होतो. पाटणकडचा पंचेचाळिशीचा गडी, मान आखडलेली, रक्तदाब चढलेला. सवयीने माझ्या तोंडून निघालं, ''जरा चालत जा.'' आजूबाजूचे सगळे हसले. तो हसला नाही. म्हणाला, ''डॉक्टरसाहेब, सकाळपासनं गोण्या वाहतोय. मी आडवा कुठं पडू ते सांगा.''

दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याचं हृदय ठणठणीत असणार, असं मॉरिस वाचून कुणालाही वाटेल. पण २०१८ मध्ये १७ अभ्यासांतल्या एक लाख ९३ हजारांहून जास्त लोकांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा फार अंगमेहनतीची कामं करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त दिसलं. यावर वाद आहे. गरिबी, तंबाखू, लहानपणीचं कुपोषण यांचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड जातं. पण कारण समजण्यासारखं आहे. कंडक्टर जिना चढायचा, थांबायचा, सुट्टे मोजायचा, परत चढायचा. ओझं पाठीवर घेऊन तासन्‌तास राबणाऱ्याचा रक्तदाब चढलेलाच राहतो, आणि मधे श्वास घ्यायला फट नसते. कधी थांबायचं हे तो ठरवत नाही, ट्रक ठरवतो.

अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं, १९६९ मध्ये कायदा झाला. मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना, बरंच मिळालं. दुपारी अर्धा तास पाठ टेकायला सावलीतली जागा मात्र त्या गड्याला त्या दिवशी तरी दिसत नव्हती. मी केसपेपरवर रक्तदाबाची गोळी लिहिली. खाली सल्ल्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो रकाना तसाच ठेवला. तो कागद घडी घालून मुंडाशात खोचत तो गाळ्याकडे गेला, ट्रक लागला होता.