उभं राहिल्यावरचा रक्तदाब

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग सुरू होते. चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. जुन्या मधुमेहात हे दुखणं घरोघरी माहीत आहे. पण सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, बसल्या जागी नाडी शंभरच्या घरात असणं, याला ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून दिलं जातं. या दोन्ही तक्रारींचं मूळ अनेकदा एकच असतं.

वाढलेली साखर लांब नसांना, म्हणजे मज्जातंतूंना, आधी इजा करते, म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून होते. हृदयाचे ठोके आवरून धरणारी व्हेगस नसही मेंदूपासून पोटापर्यंत गेलेली, चांगलीच लांब. ती कमजोर झाली की आरामातही ठोके जलद पडतात. पुढे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा बिघडतात. आपण उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. एरवी शरीर ते क्षणात सावरतं. इथे ते सावरलं जात नाही.

दवाखान्यात बीपी बहुधा खुर्चीत बसवूनच मोजतात, त्यामुळे हा बिघाड नजरेतून निसटतो. म्हणून घरी असं मोजा. दंडाला पट्टा बांधून 5 मिनिटं आडवं पडा. बीपी आणि ठोके, दोन्ही लिहून घ्या. मग उभं राहून 1 मिनिटाने आणि 3 मिनिटांनी पुन्हा मोजा. उभं असताना हाताला छातीच्या उंचीवर आधार द्या. हात लोंबता राहिला तर आकडा खोटाच जास्त येतो. शेजारी कुणीतरी हवंच. चक्कर आली तर मोजणं सोडून लगेच बसा.

वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आता ठोके बघा. समजा, वरचा आकडा 150 वरून 110 झाला आणि ठोके 88 वरून जेमतेम 94. अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे बीपी पडलं असतं, तर ठोके भराभर वाढले असते. बीपी 40 ने पडूनही ठोके सहानेच वाढले, म्हणजे संशय नसांवर जातो.

कधी कधी तळपायांच्या दुखण्यावरचं औषधच यात भर घालतं. अॅमिट्रिप्टिलीनने ठोके वाढतात आणि उभं राहिल्यावर बीपी पडतं. ड्युलोक्सेटीनने काहींचं बीपी चढतं, काहींचं उभं राहताना उतरतं. प्रीगाबालीनने गरगरतं, पायांवर सूज येते. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याचा डोस कमी लागतो. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर तेही सांगा. यातली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि बीपीची वही डॉक्टरांपुढे ठेवा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल किंवा जेवण पूर्ण शाकाहारी असेल, तर बी-12 तपासून घ्या. त्याच्या कमतरतेनेही नसा बिघडतात, आणि ही कमतरता भरून काढता येते.

उठण्याआधी पलंगाच्या कडेला बसून पोटऱ्या आवळा-सोडा. दोन ग्लास, म्हणजे अर्धा लिटर पाणी पटकन प्यायलं तर थोड्याच वेळात बीपी वर येतं आणि साधारण तासभर टिकतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर मात्र हा उपाय करू नका. पोटभर जेवण आणि कढत पाण्याची अंघोळ यांनी बीपी आणखी पडतं.

उपचारातली खरी अडचण अशी, की यातल्या अनेकांचं बीपी आडवं पडल्यावर उलट चढतं. म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उंच करा. नुसती उशी वाढवून भागत नाही. बीपी वाढवणारं मिडोड्रिन डॉक्टरांनी दिलं असेल, तर दिवसाची शेवटची गोळी झोपण्याआधी किमान 4 तास घ्यायची.

आणखी एक धोका आहे. नसा बिघडल्या की हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. अचानक धाप, दरदरून घाम, विनाकारण मळमळ यांपैकी काहीही झालं, तर ताबडतोब रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा.