डिझेल इंजिन कानांनी बघा

नमस्कार श्रोतेहो. जुन्या रेल्वेचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांपुढे वाफेचं इंजिनच येतं. आज मी डिझेलची बाजू मांडणार आहे, आणि तीही रेडिओवर, याचा मला विशेष आनंद आहे. कारण जुनं डिझेल इंजिन ही मुळात ऐकायची गोष्ट.

ब्रिटनमध्ये सेव्हर्न नदीच्या काठाने किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ असा 16 मैलांचा जुना लोहमार्ग जपलेला आहे. अशा मार्गांवर काही दिवस खास डिझेलसाठी राखून ठेवतात. वेग ताशी 25 मैलांच्या वर जात नाही. ताशी 100 मैल पळण्यासाठी बांधलेलं इंजिन असं रमतगमत चाललेलं काय बघायचं, असं कुणी विचारेल. पण गाडी सुटतानाची ती पहिली दोन मिनिटंच तर खरी! फलाटाच्या टोकाशी, रेघेच्या मागे, इंजिनाजवळ उभे राहा. गार्डची शिट्टी होते. ड्रायव्हर हँडल ओढतो, आवाज चढत जातो, आणि गाडी मात्र क्षणभर जागची हलत नाही. मग डबे जोडणारी कपलिंग ताणली जातात, छतातून धुराचा लोट उठतो आणि थरथर थेट तळपायांना जाणवते.

प्रत्येक इंजिनाचा गळा वेगळा. ब्रिटनची ‘डेल्टिक’ जातीची डिझेल इंजिनं 1961-62 मध्ये आली, फक्त 22 बांधली. एकेका डेल्टिकच्या पोटात 18 सिलिंडरची दोन इंजिनं. सिलिंडर त्रिकोणात मांडलेले, आणि प्रत्येकात समोरासमोर धावणारे दोन पिस्टन! म्हणजे एका गाडीपुढे 72 पिस्टन आणि 3300 अश्वशक्ती. तो घुमणारा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. ‘क्लास 40’ ही दुसरी जात मात्र नुसती उभी असली तरी टर्बोचार्जरमुळे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यामुळे, शीळ घालत असते. मला स्वतःला तीच जास्त आवडते.

ऑगस्ट 1968 मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफ गेली, तेव्हा वाफेच्या चाहत्यांचा राग याच डिझेलवर होता. पुढे डिझेलवरही तीच पाळी आली. ‘वेस्टर्न’ जातीची 74 डिझेल इंजिनं होती. त्यांची शक्ती चाकांपर्यंत विजेच्या मोटरींऐवजी हायड्रॉलिक पद्धतीने जायची, त्यामुळे बाकीच्या ताफ्यात ती वेगळी पडली आणि 1977 पर्यंत सेवेतून गेली. आज सात उरली आहेत. ती उरली, कारण माणसांनी सुट्टीचे दिवस घालून, हात तेलात बुडवून ती राखली. अशा माणसांविषयी मला मनापासून आदर आहे.

जाणार असाल तर इंजिनाला लागून असलेला पहिलाच डबा गाठा. शेवटच्या स्टेशनवर इंजिन सुटं होतं, शेजारच्या रुळावरून मागे येतं आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडलं जातं. तेव्हा जागा धरून बसू नका, तुम्हीही त्या टोकाला चला. तीच गाडी सुटताना पुन्हा एकदा ऐकायला मिळेल.